पान चाळीसवरची ओनोरीन

सिनेमातली नटी क्लोतिल्द आता लेखिका झालीय. तिच्या आठवणींच्या पुस्तकावर सही घ्यायला आम्ही ब्रीव गावच्या पुस्तकजत्रेत रांगेत उभे होतो. माझ्यापुढे दोन म्हाताऱ्या.

"ओनोरीन, तुझी शाळेतली मैत्रीण ना ती? मग रांग कशाला?"

"जिवंत असते तर थेट गेले असते. पान चाळीस वाच."

"'माझी ओनोरीन सोळाव्या वर्षी नदीत बुडाली.' अगं बाई!"

"आणि हिला पोहायला मीच शिकवलं!"

रांग सरकली. क्लोतिल्दनं मान वर न करताच विचारलं, "कुणाच्या नावानं लिहू?"

"ओनोरीनच्या. बुडालेल्या."

पेन थांबलं.

"अगं, सिनेमात रडवायला ग्लिसरीन होतं. पुस्तकात तुला बुडवावं लागलं."

"रडले का लोक?"

"ढसाढसा!"

"मग राहू दे मला पाण्यातच. मीसुद्धा रडले."