पिवळा ठोकळा

ऐका. मागच्यांनी पुढं सरका. आणि तो मोबाईल बंद कर रं, उजेडात भुताची गोष्ट ऐकतात होय कुणी? उद्या आपल्या गाड्या सुटणार. कुणी वरच्या जत्रेला, कुणी खालच्या. सुटायच्या आदल्या रात्री मी ही गोष्ट सांगतोच, कुणाला आवडो न आवडो.

हैबती नावाचा एक पाळणेवाला होता. लाकडी घोड्यांचा गोल पाळणा, जत्रेत पोरांना फिरवायचा तो. त्याचं घर म्हणजे त्याची गाडी. भंगारात निघालेली जुनी बस घेतली, आतली बाकडी उपटून टाकली, फळ्यांचा पलंग ठोकला, पाण्याचं पिंप बांधलं, खिडक्यांना बायकोच्या जुन्या लुगड्यांचे पडदे लावले. टपावर घोडे, पुढं इंजिन, मागं संसार. लोक तिला घरगाडी म्हणायचे.

आता गाडीत राहणं म्हणजे काय, हे तुम्हाला मी कशाला सांगू? दुसऱ्यांचं घर गळलं तर ते छपरावर चढतात. आपलं घर गळलं तर छपरावरही चढायचं नि खालीही शिरायचं. आज पाणी, उद्या ऑइल, परवा स्प्रिंगचा पाटा तुटतो. हैबतीचे निम्मे दिवस गाडीखाली जायचे. पण तक्रार नव्हती. गाडी खोकली की याला कळायचं, काय दुखतंय ते.

त्याची बायको अनसा. आणि झोळीतली पोर, तानी. तानीला डिझेलचा धूर सोसेना, म्हणून ड्रायव्हरच्या पाठीमागची खिडकी हैबतीनं पत्रा मारून बंद केली. मायेनंच केली. पण त्या दिवसापासून चालवणाऱ्याला मागचं घर दिसेनासं झालं. मग टोल्यांवर कारभार. अनसा आतून पत्रा वाजवायची. एक टोला म्हणजे थांब, दोन टोले म्हणजे चल.

हॅण्डब्रेक नावालाच होता. चढावर गाडी थांबली की हैबती हाळी द्यायचा, "उतर गं, चाकाला लाव." अनसा मागच्या दारानं उतरून चाकामागं लाकडाचा ठोकळा लावायची. घोड्यांचा उरलेला पिवळा रंग दिला होता त्याला. निघताना ठोकळा उचलायचा, आत टाकायचा, आपण चढायचं, दोन टोले द्यायचे. आणि बाईचा एक हट्ट होता बरं का. ठोकळा रस्त्यात राहता कामा नये. दुसऱ्यांनी टाकून दिलेले दगड दिसले तरी ती गाडी थांबवून कडेला सारायची. "अंधारात कुणी फटफटीवर आलं म्हंजे?" म्हणायची. हे ध्यानात ठेवा.

तर एका जत्रेतनं हे निघाले, दिवस मावळल्यावर. पुढची जत्रा घाटापलीकडं. उजाडायच्या आत पोचलं तर देवळासमोरची जागा, नाही तर उकिरड्याकडेची. नवा रस्ता लांबनं जातो. हैबतीनं जुना आडवटीचा घाट धरला. पायथ्याला चहाचं खोपट होतं, तिथला म्हातारा म्हणाला, "पाव्हणं, रातचं वर जाऊ नगा."

"का, बाबा?"

"वर एक बाई हाय. मागं राह्यलेली म्हणत्यात तिला. ट्रकवाल्याची बायकू. चाकाचा दगूड काढाय उतरली, आन् मागं कायतरी भांडं दोनदा वाजलं. नवऱ्याला वाटलं, बसली. ग्येला की निघून. ही अंधारात मागनं पळत सुटली, तेवढ्यात दुसरी गाडी आली. संपली बिचारी."

अनसानं तानीला जवळ ओढलं. "अवो, हितंच निजू. सकाळच्याला जाऊ," ती म्हणाली.

"जागा जाईल," हैबती म्हणाला.

म्हातारा म्हणाला, "जातायसाच तर एवढं ऐका. पाणी हितंच भरून घ्या. वर बाई दिसली तर थांबू नगा. घरच्या माणसाचं रूप घेती ती."

ऐकलंत ना? थांबू नका म्हणाला. म्हाताऱ्यानं चांगल्या मनानं सांगितलं. तेच पुढं नडलं.

पिंप काठोकाठ भरलं. गाडी चढाला लागली. निम्मा घाट झाला नि रेडिएटरचा पाइप फुटला. वाफ, नुसती वाफ! एक टोला न येताच हैबतीनं गाडी उभी केली. हाळी दिली. अनसानं उतरून ठोकळा लावला. हैबतीनं पाइपला सायकलची ट्यूब ताणून गुंडाळली, तारेनं आवळली. असले पाइप त्यानं झोपेतसुद्धा बांधले असते. मग अनसा पिंपातलं पाणी काढायला गेली, तर पिंप कोरडं. तळाला ओलसुद्धा नाही.

"भरल्यालं हुतं की," अनसा म्हणाली.

हैबती म्हणाला, "गळलं असंल कुठंतरी." गाडीत राहणाऱ्या माणसाला भूत सुचत नाही, गळती सुचते. वळणावरच झरा वाजत होता. अनसानं तिथनं डबा भरून आणला. इंजिन जरा निवू दिलं, पाणी ओतलं, हैबती आपल्या जागेवर चढला. इंजिन सुरू केलं. अनसा ठोकळा काढायला मागं गेली.

ठोकळा रुतला होता. ती वाकून हलवत होती. हैबतीनं गाडी इवलीशी पुढं घेतली, तसा तो सुटला. तिनं तो हातात घेतला.

आणि आतनं पत्रा वाजला. टण, टण.

हैबतीनं गिअर टाकला. गेला.

अनसा ओरडली असेल, पळाली असेल. त्या इंजिनाच्या आवाजात कुणाला ऐकू येतंय? हैबती तर खुशीत होता. गाडी कधी नव्हे ती हलकी पळत होती. इंजिनाच्या गरमीचा काटा वर चढेना. मागं तानी रडायला लागली, मग गप झाली. कुणीतरी अंगाई म्हणत होतं. हैबतीला वाटलं, अनसाचा गळा आज बरा लागलाय. बघा, माणूस स्वतःला कसं समजावतो.

वळण आलं. झरा वाजत होता. रस्त्यावर पाणी सांडलेलं. त्याच्याच रेडिएटरचं पाणी! हा तर चकवा. गाडी चढच चढतेय आणि पुन्हा तिथंच येतेय. आणि उजेडात एक बाई. दोन्ही हात वर करून उभी. अनसाचं लुगडं, अनसाचं तोंड.

"अवो, थांबा. मी हाय."

हैबतीला म्हातारा आठवला. मागनं पत्रा वाजला, टण टण. बायको मागं आहे, टोले देतेय, मग ही कोण? त्यानं दात आवळले, गाडी बगलेनं काढली नि पाय दाबला. बाई बाजूला पडली. आरशात त्यानं बघितलं नाही.

स्वतःच्या बायकोच्या अंगावर गाडी घातली हो त्यानं. घर वाचवायचं म्हणून घातली.

गाडी पळतेय. मागं स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज. भांडी लावल्याचा आवाज. चालत्या गाडीत अनसा स्टोव्ह कधी पेटवत नसे. त्यानं पाठीमागच्या पत्र्यावर बुक्की मारली. "अनसे?" उत्तर आलं, टण टण. पुन्हा हाक मारली. टण टण. दुसरं काही नाहीच.

पुन्हा तेच वळण. पुन्हा ती बाई. पण आता ती ओरडत नव्हती. रस्त्याच्या मधोमध उभी होती. दोन्ही हातांत पिवळा ठोकळा छातीशी धरलेला. तो दाखवत होती, बस्स.

आणि हैबतीला उमगलं. अनसा ठोकळा रस्त्यात टाकणार नाही. मेली तरी टाकणार नाही. ही माझी बायको. मग माझ्या पोरीपाशी कोण आहे?

त्यानं ब्रेक मारला. पाय फळीला टेकला, ब्रेकच नाही. डिझेल बंद करायची खिटी ओढली. इंजिन चालूच. डिझेल बंद, आणि इंजिन गुरगुरतंय! मागनं टण टण, टण टण. हैबतीनं स्टेअरिंग पिळलं नि घरगाडी डोंगराच्या अंगाला घातली. पत्रा फाटला, दोन घोडे टपावरनं खाली आले, इंजिन बंद पडलं आणि गाडी थांबली.

अनसा लंगडत पळत आली. आधी काय केलं असेल तिनं? चाकामागं ठोकळा लावला. सवय. मग दाराला झोंबली. दार उघडेना. आत अंगाई चालली होती.

"मी आत हाय," आतनं अनसाच्याच आवाजात कुणीतरी म्हणालं. "त्या बाईला हितं सोडा. चला."

हैबती उतरून मागं आला, नि दारापाशीच थबकला. पण अनसा बाई होती, चाकामागं उतरणारी. तिला त्या दुसऱ्या बाईचं काळीज कळलं असावं. तिनं मूठ वळली नि बाहेरनं पत्र्यावर एकच टोला दिला.

टण.

अंगाई थांबली.

"हाळी द्या, रोजच्यासारखी," अनसा हळूच म्हणाली.

हैबती ओरडला, "उतर गं, चाकाला लाव."

दार उघडलं. कुणी दिसलं नाही. पायरी तेवढी वजनानं दबली. ओली पावलं रस्त्यावर उमटत चाकापाशी गेली, आणि तिथं कुणीतरी टेकल्यागत ठोकळा करकरला. गाडी थांबली की उतरायचं, चाकाला लावायचं. मेल्यावरही तिचं काम तिनं सोडलं नव्हतं.

अनसानं आत झेप घेतली, तानीला उचललं नि बाहेरनं पुढं पळत येऊन, जागेवर चढलेल्या हैबतीशेजारी बसली. पोर गार पडली होती, पण श्वास चालू होता. हैबतीनं खिटी आत ढकलली, सेल्फ मारला. इंजिन नुसतं फिरलं, धरेना. डिझेलच्या नळीत हवा धरली होती. खाली उतरावंच लागलं. हवा काढायला स्क्रू सैल केला, हातपंप मारायला लागला. फेस येतोय, फेसच येतोय. आणि मागं चाकाशी ती तीच अंगाई गुणगुणतेय. हॅण्डब्रेक नाही. सगळी गाडी त्या ठोकळ्यावर उभी. आणि ठोकळा तिच्या हातात. तिनं तो जरा ओढला असता, तर आज ही गोष्ट सांगायला काही उरलं नसतं. तिनं ओढला नाही.

डिझेल स्वच्छ आलं. स्क्रू आवळला. इंजिन लागलं.

हैबती म्हणाला, "ठोकळा?"

अनसानं मागं बघितलं. मांडीवर पोर होती. "राहू द्या," ती म्हणाली.

त्यानं गाडी सोडली. आणि मागनं टोला आला. एकच. थांब. पुन्हा एक. इतकी वर्षं तिला दोनच ठाऊक होते. एक टोला तिला आज अनसानं शिकवला होता. ती पळत असावी गाडीमागं, एका हातानं पत्रा धरून. टण. टण. लांब होत गेला तो आवाज. हैबती थांबला नाही. तो ट्रकवालाही थांबला नव्हता. मला त्या बाईची भीती वाटत नाही लेकरांनो, मला तिची कीव येते.

या वेळी झरा पुन्हा वाजला नाही. ब्रेकही आता लागत होता. वळण सरळ पुढं गेलं. उजाडता उजाडता घाटापलीकडं उतरले. तानी दूध प्यायली. घरात बघितलं तर पिंप काठोकाठ भरलेलं, अंथरूण घडी घातलेलं, स्टोव्ह कोमट. देवळासमोरची जागाही मिळाली.

दुपारी पाळण्यापाशी माणसं बोलत होती. आडवटीच्या घाटात पहाटे एक दूधवाला फटफटीवरनं पडून जागीच मेला. पायथ्याच्या गावचा, परवाच लगीन झालेला. रस्त्यात लाकडाचा ठोकळा पडला होता म्हणे. पिवळा.

अनसा उभी होती ती खाली बसली. दूधवाल्याच्या घरी जाऊन सगळं सांगून आली ती, एकटी. तिथं काय झालं ते तिनं कुणालाही सांगितलं नाही, हैबतीलासुद्धा नाही.

त्या घाटानं जाऊ नका. लांबनं जा, जागा गेली तर जाऊ दे. ठोकळा अजून तिथं आहे म्हणतात. दिवसा कुणी कडेला सारला तरी रात्री मधोमध येतो, आणि त्याच्याशी कुणीतरी टेकून बसलेलं असतं, गाडी कधी थांबतेय याची वाट बघत.

हैबतीनं पाठीमागचा पत्रा त्याच दिवशी कापून काढला. धूर आला तर येऊ दे म्हणाला. आणि अनसानं टोले देणं सोडलं. तेव्हापासून गाडी सुटायच्या वेळी ती चालत पुढं यायची, नवा ठोकळा हातात घेऊन गाडीच्या दिव्यासमोर उभी राहायची, आणि हैबती तिच्या तोंडाकडं नीट बघून घ्यायचा. मगच म्हणायचा, "बस."

उद्या पहाटे तुम्हीही तसंच करा. आवाजावर जाऊ नका. उतरा, आणि आपलं माणूस डोळ्यांनी बघा. जा आता, झोपा. आणि जाता जाता आपापल्या चाकांमागचे दगड मोजून या.