वायर जुन्याच कार्डात

लिनक्स जाऊ द्या, दोस्त कसा असावा ते ऐका. मी लातुरात लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. काम लवकर उरकावं म्हणून माझ्या लिनक्सवर चालणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये, म्हणजे मशीनमध्ये, स्क्रीनवर चित्र पाठवणारं दुसरं ग्राफिक्स कार्ड बसवायला घेतलं. बायको म्हणाली बी, "चांगलं चालू मशीन कशाला खोलायलाव?" बसवून बटण दाबलं, तर स्क्रीन काळी ठिक्कर! अन् संध्याकाळी नवरीचा बाप व्हिडिओ न्यायला येणार.

नांदेडच्या माझ्या दोस्ताला, इरफानला फोन लावला. त्यानं तिकडूनच नेटवरून माझ्या मशीनमध्ये शिरून बघितलं.

"लिनक्स मजेत हाय, मशीन आतून चालूच हाय. दोन्ही कार्डं दिसायलेत. मशीनची मागची बाजू दाखव बरं."

मी व्हिडिओ कॉल करून मोबाईल मागं धरला. इरफाननं नीट बघितलं. मग हळूच म्हणाला, "मालक, चित्र नव्या कार्डातून यायलंय, अन् मॉनिटरची वायर जुन्यातच हाय."

वायर बदलली. स्क्रीन लख्ख!

तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. "काय झालतं हो?"

माझ्याआधी फोनमधून इरफानच बोलला, "भाभी, लई किचकट मामला होता. दुसऱ्या कुणीबी हात टेकले असते."

फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "इरफानभाईंना जेवायला बोलवा. दाराआडून समदं ऐकलंय मी. तुमच्यासाठी इतकं गोड खोटं बोलणारा दुसरा न्हाई भेटायचा."