दारावरच्या लाल फुल्या

हात मोडलाय पोराचा, डोकं फुटलंय, आणि अख्खी गल्ली म्हणते आम्ही घरातच नव्हतो—खोटारडे, सगळेच्या सगळे. लिहा ना हवालदारसाहेब, पेन का खाली ठेवलंत? सांगितलं ना, मी श्रुतिका, बोरिवलीहून येते, कॉलेजतर्फे अभ्यास करते—जोगेश्वरीच्या त्या मुसलमान वस्तीत लोक मुलांना गोवरची लस का देत नाहीत, हा विषय. विकी मला घरं दाखवायचा. त्याच गल्लीच्या तोंडाशी राहतो तो, बौद्ध आहे, पण लहानपणापासून सगळ्यांकडे उठबस—आणि त्याच घरांतल्या बायकांनी त्याला धुण्याच्या धोपाटण्यांनी मारलं. खाली पडला तरी मारत होत्या. मग पुरुष आले, एकानं मनगटावर पाय दिला आणि जोर लावला—हाड मोडल्याचा आवाज आला हो, शटरच्या आत ऐकू आला मला.

हो, शटरच्या आत. वाण्याच्या दुकानात, फटीतून दिसत होतं सगळं. मी नाही ओढलं ते—म्हणजे ओढलं मीच, पण मला वाटलं विकी माझ्या मागोमाग आत आलाय. ते नका लिहू.

कारण? कारण काय असणार! दारांवर फुल्या होत्या, एवढंच. लस नको म्हणणारी घरं पुन्हा सापडायला हवीत की नाही? पोलिओवाल्या बायका खडूनं खूण करतात, ती पुसली जाते, म्हणून मी रंग आणला. लाल. विकी म्हणाला होता, मॅडम, लाल फुली नको—गेल्या वर्षी पालिकेनं मागच्या रांगेवर अशाच फुल्या मारल्या, पाठोपाठ जेसीबी आला, भांडीसुद्धा काढू दिली नाहीत. मी म्हटलं, अरे, आपण काय घरं पाडायला आलोय? पोरं वाचवायला आलोय ना, मार तू. मारल्या त्यानं. लस नको म्हणणारी एक शाहीनबी, तिच्या दारावरची ओली होती, तेवढ्यात ती बाहेर आली. डबा त्याच्या हातात. तोच डबा हिसकावून त्याच्या डोक्यात घातला, उरलेला रंग तोंडावर ओतला—रंग कुठला, रक्त कुठलं, काही कळेना. तो ओरडत होता, मॅडमना विचारा, मॅडमना विचारा—

पाणी द्या जरा.

त्या शाहीनबीचा नातू तापानं फणफणलाय, अंगभर पुरळ. आता लस घेऊन त्या गल्लीत कोण पाय ठेवेल? म्हणून म्हणते, उचला सगळ्यांना, चांगली जरब बसू दे. नावं विकी सांगेल, सहीही करेल, डाव्या हातानं करेल—सांग ना रे. आईकडे काय बघतोयस? ह्या त्याच्या आई, कमलताई, ह्यांना विचारा. बोला ना ताई, साहेबांना ऐकू दे.

“माझं पोर सही करायचं नाही, बाई. तुम्ही बोरिवलीला जाल, आम्हाला सकाळी त्याच बायकांबरोबर नळावर उभं राहायचंय.”