वरच्या खड्ड्यांजवळच्या तरसाचा फोटो

नाव दीपमाला ज्योतीराम मस्के, वय ४८ वर्षे, धंदा झाडांना पाणी घालण्याची मजुरी, राहणार भाड्याची खोली, मेदनकरवाडी, चाकण, मूळ राहणार औसा तालुका. शिक्षण चौथी, पुढचे वाचून वाचून स्वतः. ठाण्यात समक्ष येऊन, कोणी बोलावले म्हणून नव्हे तर आपल्या पायांनी येऊन, सांगते की,

शुक्रवार दि. ६ फेब्रुवारी २०२६ रोजी पहाटे पाचला उठून मी पाणी भरले, तीन भाकरी थापल्या, धुणे वाळत घातले आणि सहाला कामावर निघाले. पायात पतीचे सेफ्टी शूज होते, पुढे चिंधी कोंबून. ते मला मोठे होतात. माझे पती कंपनीत प्रेस शॉपला, पत्रा दाबायच्या मशीनवर होते. चार वर्षांपूर्वी वारले. त्याबाबत इथे काही सांगायचे नाही.

वस्तीमागच्या टेकडीवर एका कंपनीने खड्डे खणून झाडे लावली आहेत. ठेकेदाराकडून त्यांना पाणी घालायचे काम मी व तनुजा करतो. रोज साडेसातला मोबाईलमधल्या हजेरीच्या कॅमेऱ्यातून स्वतःचा फोटो काढून ग्रुपवर टाकावा लागतो. त्या फोटोवर तारीख, वेळ आणि जागेचा नकाशा आपोआप छापून येतो. आदल्या दिवशी सुपरवायझर सुजित सगळ्यांसमोर म्हणाला होता, "मावशी, तुम्ही वरच्या खड्ड्यांपर्यंत जातच नाही. खाली बसून फोटो टाकता. उद्यापासून गैरहजर लावीन." मी रोज वर जाते.

सात वाजून दहा मिनिटांनी मी वरच्या खड्ड्यांशी होते. पंचवीस पावलांवरच्या कपारीतून तरस बाहेर आले. अंगावर पट्टे, मानेवरचे केस ताठ, मागचे पाय आखूड. मागून दोन पिल्ले आली. हातातली बादली खाली ठेवायचेही मला सुचले नाही. मादीने माझ्याकडे पाहिले, हवा हुंगली आणि एका पिल्लाचा कान चाटू लागली. पूर्वी सुट्टीच्या दिवशी मी व पती या टेकडीवर फिरायला यायचो, तेव्हा एकदा असेच तरस लांबून दिसले होते. ते म्हणाले होते, "मेलेलं खातं बिचारं, कुणाचं वाकडं करत नाही. चल, त्याची वाट सोड." नंतर तरसाबद्दल मिळेल ते मी वाचले. ते खरे बोलले होते.

मी तीन फोटो काढले. कॅमेरा हजेरीचाच उघडा होता. त्यातला एक ग्रुपवर टाकला. मी वर जाते हे सुजितला दाखवायचे होते, दुसरे कारण नव्हते.

सुजितने लिहिले, "मावशी, कुत्र्याचा नको, तुमचा फोटो टाका." टँकरवाला विक्की याने लिहिले, "कुत्रं न्हाई राव, तरस हाय! नकाशासकट आलंय." पुढे तो फोटो कुठे कुठे गेला ते मला माहीत नाही.

रविवारी दि. ८ रोजी दुपारी चारला तनुजा मोबाईल घेऊन माझ्या खोलीवर आली. विक्कीच्या स्टेटसला आमची टेकडी होती आणि धूर होता. आम्ही दोघी चालत पाचला वर पोचलो. आठ-नऊ जण होते, पैकी सुजित व विक्की यांना मी ओळखते. कपारीच्या तोंडाशी टायर जाळून वर दगड रचले होते. त्यातले बरेच दगड आमच्या झाडांच्या आळ्यांचे होते, मी वेचून लावलेले. मोठे तरस कुठे दिसले नाही. मी म्हणाले, "आत पिल्लं आहेत." एक जण म्हणाला, "ओ काकू, बाजूला व्हा, फोटोत येताय." सुजित म्हणाला, "उद्या कुणाला धरलं तर? तुमच्यासाठीच करतोय, मावशी." विक्की हसत म्हणाला, "आता कशाला रडताय? पत्ता तर तुमीच दिला."

मी रडत नव्हते. मी त्याच्या कानाखाली मारली. त्याने तशी तक्रार दिली आहे. तीत एकच मारली असे आहे. दोन मारल्या.

ते गेल्यावर आम्ही हाताने दगड काढले. सर्वांत मोठा हलला नाही. आतून आवाज येत होता. तो किती वेळ येत होता हे मला सांगता येईल, पण तसे विचारलेले नाही.

जबाब लिहून घेणाऱ्या ताई म्हणाल्या, "मावशी, फोटो तुम्ही टाकला ते गाळू का? उगाच तुमच्यावर येईल." गाळू नये. फोटो मी टाकला. टायर मी नेला नव्हता. सुजित, विक्की व सोबतच्या सर्वांविरुद्ध माझी तक्रार आहे. तरस मारणे हा गुन्हा आहे, हेही मी वाचलेले आहे. मिटवून घ्या असे मला कोणी सांगू नये.

जबाब वाचून दाखवायची पद्धत आहे. मी तो मागून घेऊन स्वतः वाचला. मी सांगितला तसाच आहे, फक्त सोमवारचे लिहायचे राहिले होते, ते असे.

आज सोमवारी दि. ९ रोजी सकाळी मी पहार घेऊन टेकडीवर गेले व मोठा दगड सरकवला. दोन्ही पिल्ले दगडाला टेकूनच होती. मी त्यांच्याशेजारी बसून, ती व मी दिसू असा फोटो हजेरीच्या कॅमेऱ्यातून काढला आणि साडेसातला ग्रुपवर टाकला. पंचनामा व्हायचा म्हणून त्यांना हलवले नाही. ओले पोते झाकून तनुजाला राखणीला बसवले. वरच्या खड्ड्यांना पाणी घातले आणि चालत ठाण्यात आले.