सोजरमावशीची घागर

फिजिओथेरपीत बघण्यासारखं काय असतं म्हणता? मग ऐका. एका दुष्काळात तेलगावजवळच्या एका गावात जनावरांचं दूध आटलं आणि दूध सोसायटीची शेड मोकळी पडली. म्हातारी माणसं पडू नयेत म्हणून मी तिथं तोल सांभाळायचे व्यायाम शिकवायचो.

पहिल्याच दिवशी सोजरमावशी आल्या. वय सत्तरीच्या पुढं, आणि त्या उन्हाळ्यात तीनदा अंगणात पडलेल्या. मी म्हटलं, "मावशी, एका पायावर उभ्या राहा, मी दहा मोजतो."

दोनलाच कलल्या. मी धरलं म्हणून वाचल्या. पुन्हा तेच झालं, तशा त्या चिडल्या.

"असं डोक्यावर काय नसताना कुणी उभं ऱ्हातं व्हय? ती घागर द्या गं इकडं!"

घागर टँकरच्या पाण्यानं भरलेली होती. मी नको नको म्हणेपर्यंत, पाणी घेऊन जाताना शेडच्या दाराशी थांबलेल्या बायकांनी उचलून दिलीसुद्धा. मावशींनी पाय उचलला. मी हात पसरून मोजत राहिलो. दहा झाले, वीस झाले, तीस झाले. एक थेंब सांडला नाही.

"मावशी, हे कुठं शिकलात?"

"ऊसतोडीला. चाळीस वरीस डोक्यावर उसाची मोळी घिऊन फळीवरून ट्रकात चढले. एकदाबी पडले न्हाई."

"मग अंगणात कशा पडता?"

मावशींनी घागर उतरवली आणि लगेच माझा खांदा धरला.

"मोळी सुटली बाबा. मोकळं चालायला आमाला कुणी शिकवलंच न्हाई. आता तू शिकव."