एमिलीच्या घराण्यातला कॅप्टन

मंडळी, मागे उभे आहात त्यांनी पुढे या. खुर्च्या रिकाम्या आहेत.

एवढ्या थंडीत, कामाचा दिवस सोडून, तुम्ही सगळे ट्रॉय गावातल्या या हॉलमध्ये आलात. एमिलीच्या शाळेतले शिक्षकही आलेत. त्यांना मराठी कळत नाही. मला इंग्रजी येतं, तरी मी आज इंग्रजीत बोलणार नाही. सुनेच्या जाण्याबद्दल बोलायचं आहे. ते मला जमलं तर मराठीतच जमेल. मध्येच थांबले तर थांबू द्या. पाणी आणून देऊ नका.

एमिली माझी सून. माझ्या निखिलची बायको, मीराची आई. गेल्या महिन्यात सकाळी शाळेत शिकवायला निघाली आणि बर्फावरून तिची गाडी घसरली. त्याबद्दल याहून जास्त मी बोलणार नाही.

तुमच्यापैकी जे तिच्या हातचं जेवलेत, त्यांना कॅप्टन माहीत असेल. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. कॅप्टन जोनास हा एमिलीचा पूर्वज. इंग्रजांशी लढून हा देश, अमेरिका, स्वतंत्र झाला, त्या लढाईतला अधिकारी. लढाई संपली आणि पगाराच्या बदल्यात त्याला डोंगरांपलीकडे, ओहायोच्या जंगलात जमीन मिळाली. बायको हॅना आणि मुलं घेऊन तो तिकडे गेला. झाडं तोडली, ओंडक्यांचं घर उभं केलं, मका पेरला.

आमच्या घरात प्रत्येक गोष्टीला हा कॅप्टन हजर. हीटिंग बंद पडलं की एमिली म्हणायची, "आई, कॅप्टनकडे हीटिंग नव्हतं." मी म्हणायचे, "मग बोलाव त्याला, लाकडं फोडू दे." मला 'तुम्ही' म्हणणं तिला कधी जमलं नाही. "आई, तू बस, मी करते," असं सरळ म्हणायची. मला ते आवडायचं. मी तिला तसं सांगितलं नाही, पण तिला कळलं होतं.

एकदा तिची आमटी पार बिघडली. म्हणाली, "कॅप्टनच्या घरी याहून वाईट जेवण असायचं." मी म्हटलं, "म्हणूनच त्याची बायको लवकर गेली असेल." निखिल खो खो हसला. एमिली हसली नाही. म्हणाली, "आई, ती खरंच लवकर गेली."

दुसऱ्या दिवशी तिने मला गाडीत बसवलं आणि ओहायोला नेलं. एका शेताच्या कडेला ओकची झाडं, आणि झाडांखाली थडग्यांचे दोन दगड. एक हॅनाचा, एक कॅप्टनचा. बाकी काही नाही. मी विचारलं, "तुम्ही सगळे याला कॅप्टन का म्हणता गं? आजोबा नाही, पणजोबा नाही. लष्करातल्या हुद्द्याचा एवढा अभिमान?"

ती म्हणाली, "आई, हा अभिमान नाही."

मग तिने अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत सांगितलं. तिला तिच्या आजीने सांगितलेलं. हॅना तिकडच्या दुसऱ्याच हिवाळ्यात तापाने गेली. जमीन इतकी गोठलेली, की कबर खणता येईना. मुलं लहान, सगळ्यांत धाकटी लिडिया. कॅप्टनची बहीण पूर्वेला, मोठ्या गावात राहायची. तिथे शाळा होती, डॉक्टर होता, चांगलं घर होतं. जंगलात काय होतं? लोक म्हणाले, मुलांना तिकडे पाठव. बरोबरच म्हणाले. कॅप्टनने मुलांना घोडागाडीत बसवून दिलं. लिडियाला म्हणाला, "दोन वर्षं. घर नीट झालं की नेतो."

मग पीक बुडालं. मग नदीला पूर आला. मग त्याने दुसरं लग्न केलं. प्रत्येक वर्षाला एक खरं कारण होतं. तो खोटं कधीच बोलला नाही. फक्त आला नाही.

लिडियाला आत्याने काही कमी पडू दिलं नाही. खाऊपिऊ घातलं, शिकवलं, लग्न लावून दिलं. आणि मग एक दिवस म्हातारा कॅप्टन तिच्या दारात आला. तिने त्याला आत घेतलं, जेवायला वाढलं, आणि म्हणाली, "बसा, कॅप्टन." 'बाबा' हा शब्द तिच्या तोंडातून आला नाही. ती रागावलेली नव्हती. शब्दच उरला नव्हता. एमिली या लिडियाच्या वंशातली. त्या घरात आजपर्यंत त्याला कोणी आजोबा म्हटलेलं नाही.

मंडळी, हे मी तुम्हाला का सांगते आहे?

एमिलीचे अंत्यविधी झाले आणि तिसऱ्या दिवशी निखिल मला म्हणाला, "आई, मीराला पुण्याला घेऊन जा. दोन वर्षं. मी सावरलो की आणतो."

दोन वर्षं.

तुम्हीही मला हेच सांगता आहात. काल सगळे घरी आलात, चहा घेतलात आणि म्हणालात, काकू, प्रॅक्टिकल व्हा. एकटा पुरुष जॉब सांभाळेल की मुलगी? तिकडे शाळा चांगल्या आहेत, तुम्ही आहात, नातेवाईक आहेत. मीराचं मराठी सुधारेल, असंही एक जण म्हणाले.

तुम्ही चुकीचं बोलला नाहीत. कॅप्टनलाही कोणी चुकीचं सांगितलं नव्हतं.

आणि मला ती हवी आहे. हे नीट ऐका. निखिलचे बाबा गेल्यापासून मी पुण्यात एकटी आहे. संध्याकाळी घरात मी आणि टीव्ही. मीरा आली तर मला जगायला कारण मिळेल. मी तिला जिवापाड सांभाळीन. ती शिकेल, मोठी होईल. आणि निखिल तिच्या दारात येईल तेव्हा ती त्याला लिडियासारखी नीट वाढेल. म्हणून माझ्या या हव्यासाचं ऐकू नका. तिला मीच नेता कामा नये.

पण मग काय करायचं? मला माहीत नाही! माझा व्हिसा संपतो आहे. शुक्रवारी मला जावंच लागणार. निखिल जेवत नाही. गराजमध्ये बंद गाडीत बसून राहतो. मीराच्या खोलीत तो पाऊल टाकत नाही, कारण तिचे डोळे एमिलीचे आहेत. मी रागावून पाहिलं, हात जोडून पाहिले. परवा वेणी घालताना मीराने मला विचारलं, "आजी, is Baba coming too?" मी आयुष्यभर मुलांना शिकवलं. आणि तेव्हा काय केलं? मी वेणी सोडून पुन्हा घातली.

तेव्हा आज मी तुमच्यापुढे पदर पसरते आहे. मी गेल्यावर या घरात डबा घेऊन जा. शाळेतून मीराला आणा, पण तिला आणून सोडा बापाजवळ. त्याने दार उघडलं नाही तर पुन्हा वाजवा. तो ओरडला तर ऐकून घ्या. त्याला प्रॅक्टिकल सल्ला देऊ नका.

निखिल, तू पहिल्या रांगेत बसला आहेस आणि माझ्याकडे बघत नाहीस. नको बघूस. मीरा बाजूच्या खोलीत आहे, मुलांबरोबर. ती मला अजून काही विचारेल म्हणून मी तिकडे गेलेले नाही. ते तुझं काम आहे. तुला जमणार नाही, हे मला दिसतं. जमत नसताना जा. तिच्याशी काही बोलू नकोस, तिला फक्त इकडे घेऊन ये.

मंडळी, आता उभे राहा. एमिलीसाठी. बोलू नका, घड्याळ बघू नका.

जा निखिल. तुम्ही दोघं येईपर्यंत आमच्यातलं कोणी बसणार नाही.