पंपाची घुरघुर

दाढ ठणकत होती म्हणून शिवणकाम करणाऱ्या मावशी दवाखान्यात गाल धरून बसल्या होत्या. पण समोरच्या बहीणभावाचं बोलणं कानावर पडलं आणि गालावरचा हात कधी खाली आला, त्यांनाच कळलं नाही.

"ताई, लॅबमधून रडत काय आलीस? मासे बरणीत आहेत ना?"

"आहेत, पण फॉर्मॅलिनमध्ये. आधी शेपटीचा तुकडा कापून स्पिरिटात ठेवायचा असतो रे. मी घाईत सगळेच बुडवले. डीएनए गेला."

"म्हणजे?"

"नवीन जातीचा मासा आहे, पण कुठल्या कुळातला, बाकीच्यांपासून कधी वेगळा झाला, काही सांगता येणार नाही."

"मग जाऊ पुन्हा ओढ्यावर. जाळं मी धरतो."

"ओढा धरणाखाली गेला. वाहत्या पाण्यातला जीव तो, साचलेल्या पाण्यात गुदमरतो. आता काय ती आशा घरच्या टाकीतल्या एकावर."

"ताई, टाकीतला तो पंप फार घुरघुरत होता गं. झोप येईना. रात्री मी बंद केला."

"आणि सकाळी?"

"विसरलो."

"अरे देवा! आईला फोन लाव. मेला असला तरी चालेल म्हणावं, फक्त स्पिरिटात टाक."

"आईचा मघाशीच आला होता."

"काय म्हणाली?"

"टाकीला वास मारत होता, घासूनपुसून लख्ख केली म्हणाली."

आतून मावशींना हाक आली. त्या जागच्या हलल्या नाहीत.